आजोबांच्या शिकारवहीतल्या नोंदींचा अर्थ कुणी लावून देईल का?

वहीवाला

नमस्कार मंडळी. दिवाळीत करमाळ्याच्या घरी माळा आवरताना आजोबांची लाल कापडी पुठ्ठ्याची लांब वही सापडली. दुकानातली जुनी किर्द समजून रद्दीत टाकणार होतो, पण आत शिकारीचा हिशेब निघाला. वाघ-बिबट्या काही नाही. सगळी पाखरं: होला (कबुतराच्या जातीचं लहान पाखरू), पखुर्डी (माळावरचं भाट-तितर), तितर, लाव्हरी (लावा). नोंदी १९६८ ला सुरू होतात आणि १९८१ ला थांबतात. आजोबा गेले तेव्हा मी दुसरीत होतो, त्यामुळं त्यांना काही विचारायची वेळच आली नाही. वडिलांकडं विषय काढला की "होते त्यांचे उद्योग" म्हणतात आणि पेपर उघडतात.

नमुन्यादाखल काही नोंदी जशाच्या तशा देतो:

"९ मार्च ७१. खळ्यामागं, संध्या. होला. काड. १४ (८ नं.). पाखरं ९. बसके १. फुसके २. हलाल ५."

"२१ मार्च ७१. डोहावर, सकाळ. पखुर्डी. काड. ६ (६ नं.). पाखरं ४. ऊन वर आल्यावर आली."

"डिसें. ७१. ज. आला होता. तितर २ जिवंत. ४ रु. दिले."

मग एका पानावर फक्त: "बहात्तर. पाण्यावर बसायचं नाही." त्याखाली दोन रेघा, आणि पुढची नोंद थेट ७४ ची. तिथून नोंदी विरळ होत जातात. शेवटची १९८१ ची: "पाणीच पाणी. बसायचं कुठं?"

काड. म्हणजे काडतूस हे कळलं. बाकीचं अंदाजानं. होल्यासारख्या एवढ्याशा पाखराची शिकार मुळात करायचे कशी? आणि १९८१ लाच का थांबले? कायदा तर १९७२ चा आहे ना? कुणी स्वतः केलेली किंवा पाहिलेली असेल तर सविस्तर लिहा.

आजोबांची दुनळी बंदूक अजून घरात आहे, परवाना वडिलांच्या नावावर. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा होते, निकाल लागला की परत येते. एवढाच तिचा प्रवास उरलाय. तिचं काय करावं हेही सुचवा.

कलम_नऊ

आधी कायदा, म्हणजे पुढं गोंधळ नको. तुमच्या आजोबांच्या सुरुवातीच्या नोंदी १९५१ च्या मुंबई राज्याच्या वन्य प्राणी-पक्षी कायद्याच्या काळातल्या. मग १९७२ चा केंद्राचा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यात सुरुवातीला 'छोट्या शिकारी'चा परवाना होता, होला-तितर त्यात बसायचे. १९९१ च्या दुरुस्तीनं परवान्याची ती सगळी पद्धतच काढून टाकली. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूची बदलल्या, दंडही वाढला. आज होला मारला तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. "एअरगनला परवाना लागत नाही, मग चालतं" असं म्हणणारे प्रत्येक गावात भेटतात. बंदुकीला परवाना लागत नाही म्हणून पाखराला मारायची मुभा मिळत नाही.

आठवणी जरूर लिहा, पण "काय ते दिवस होते" असा सूर लावू नका. त्याच पिढीनं माळढोकही खाल्लाय.

माळकरी

वहीवाल्या, मी तुझ्या शेजारच्या तालुक्यातला. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो, आता अठ्ठ्याहत्तर पूर्ण. अरे-तुरे करतो, चालवून घे. माझ्या थोरल्या मामांकडं दुनळी होती. काडतुसांची पिशवी सांभाळायची आणि पडलेली पाखरं वेचून आणायची हे माझं काम. बंदूक हातात आली ती पुढं कॉलेजात. तुझ्या आजोबांना मी ओळखत नाही, पण मामाही असाच हिशेब ठेवायचे, म्हणून वाचता येतोय.

आठ नंबर हा छऱ्याचा आकार. नंबर वाढेल तसा छर्रा बारीक. होल्याला आठ, तितर-पखुर्डीला सहा. सहानं होला मारला तर हातात पिसंच यायची. काडतुसं खडकीच्या कारखान्यातली, 'शक्तिमान' छापाची. त्याआधी विलायती एली कंपनीची मिळत. नळकांडं कागदी होतं, पावसाळ्यात ओल धरून फुगायचं. फुगलेलं काडतूस एक तर नळीत जायचं नाही, गेलं तर उडायचं नाही. घोडा पडला, टिक् वाजलं, पाखरू गेलं. ते 'फुसके'. आमच्या मामी दिवाळीनंतर वाळवणाच्या खाटेवर एका कोपऱ्यात काडतुसं मांडायच्या आणि आम्हा पोरांना पापडांपेक्षा त्यांच्यापासूनच लांब हाकलायच्या. चौदातली दोन फुसकी, म्हणजे बारा बारांत नऊ पाखरं. उडत्या होल्यावर हा हिशेब फार चांगला आहे. तुझ्या आजोबांचा हात बसलेला होता.

'बसके १' म्हणजे फांदीवर किंवा जमिनीवर बसलेला एक मारला. त्याला मान नव्हता. पण वहीत मात्र तो वेगळा लिहायचा, उडत्यात घुसडायचा नाही. मामांच्या एका दोस्तानं घुसडला म्हणून त्या दोघांत पुढचा सबंध हंगाम बोलणं नव्हतं. मोठी माणसं, आणि भांडण होल्यावरून!

'हलाल ५' वाचून मी एकटाच हसलो. प्रत्येक टोळीत एक तरी मुसलमान दोस्त असायचाच. पाखरू पडलं की तो सुरी घेऊन आधी धावणार, कारण जीव असेपर्यंत सुरी फिरली तरच त्याच्या घरी ते शिजणार. आमच्याकडं तो तांबोळ्यांचा पोरगा होता, धावण्यात जिल्ह्यात नंबर काढलेला. नवातली पाच त्याच्या वाट्याची. बाकीची चार तुमच्या घरी, असं वाच.

आता होल्याची शिकार कशी ते.

आपल्याकडं होले चार जातीचे. ठिपक्यांचा, लहान तपकिरी, तांबडा, आणि गळ्याला काळी कंठी असलेला पठाणी. पठाणी सगळ्यांत दांडगा, तरी वजन दीडशे-दोनशे ग्रॅमच्या घरात. चारीही दाणे खाणारे. कोरड्या दाण्यावर जगणाऱ्याला पाणी रोज लागतं, आणि सगळी शिकार या एका गोष्टीवर उभी होती. शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची काढणी झाली, खळी मोडली, की फेब्रुवारी-मार्चात रानात सांडलेला दाणा टिपायला होले थव्यानं उतरायचे. उन्हं कलली की तिथून पाण्यावर, आणि पाण्यावरून बाभळीच्या वस्तीला. दाणा, पाणी, वस्ती. या तीन जागा कळल्या की मधली वाट कळली. होला ती वाट सहसा सोडत नाही. कुठल्या बांधावरून येईल, कुठल्या लिंबापाशी वळेल, हे दोन संध्याकाळी नुसतं बघत बसायचं, मग तिसऱ्या दिवशी बंदूक. बघायच्या दिवशी मामा काडतुसं घरीच ठेवायचे, हात शिवशिवायला नकोत म्हणून.

पडलेल्या पाखराच्या गळ्याखालची थैली आधी चाचपायची. आत शाळू आहे का हुलगा का रानटी बी, त्यावरून उद्या कुठल्या रानामागं उभं राहायचं ते ठरायचं. होल्याची पिसं फार सैल. उचलताना मूठभर हातात येतात. आमच्या कुत्र्यानं एकदा होला तोंडात धरून आणला आणि नंतर दिवसभर खोकत होता. पुन्हा कधी त्यानं होल्याला तोंड लावलं नाही, तितर मात्र आणायचा.

नेम धरताना पाखरावर धरलास की बार मागंच जातो. पुढं मारायचं, दोन हात, वारा असेल तर तीन. आणि होला सरळ येता येता ऐन वेळी एका पंखावर कलतो. हे कलणं ज्याला आधी दिसलं तो शिकारी. मला ते फारसं कधी दिसलं नाही.

पखुर्डीची गोष्ट निराळी. ती पाण्यावर सकाळी येते, आणि तुझ्या आजोबांनी लिहिलंय तसं ऊन वर आल्यावर, आठ-नऊच्या सुमाराला. आधी हवेतून आवाज, मग थवा. पाण्यापासून लांबच उतरते, इकडंतिकडं बघत चालत येते, घटाघटा पिते आणि उडते. पिलं असली की नर पोटाची पिसं पाण्यात भिजवतो आणि ते पाणी पिलांपर्यंत नेतो. हे मी पुस्तकात वाचायच्या आधी डोळ्यांनी पाहिलंय, आणि पाहिल्यावरही मामांनी बार काढला होता. लपवून काय करू?

'ज.' कोण ते मला नक्की सांगता येणार नाही, पण दोन जिवंत तितर घेऊन डिसेंबरात दारी येणारा माणूस फासेपारधी असणार. पाळलेला तितर पिंजऱ्यात ठेवून बोलवायचा, रानातला नर भांडायला धावत येतो आणि भोवती लावलेल्या फाशात पाय अडकतो. बंदुकीवाले या लोकांना वाटाड्या म्हणून घ्यायचे. कुठल्या माळावर काय उतरलंय ते त्यांनाच ठाऊक. आम्ही वर्षातले चार महिने हौस करायचो, त्यांचं पोट त्यावर. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं ज्या जमाती गुन्हेगार ठरवल्या त्यांतले हे. सोलापुरात तर त्यांना कोंडायला तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती. १९५२ ला तो कायदा गेला, शिक्का गेला नाही. नंतर शिकारबंदी आली तेव्हा बंदुकीवाल्यांचं काय झालं? त्यांनी बंदुका खुंटीला लावल्या, भिंतीवर फोटो लावले आणि 'जुने शिकारी' म्हणून मान मिळवला. पारध्याला मात्र पिशवीत एक लाव्हरी सापडली तरी चौकीत बसवत. कलम_नऊ, माळढोक खाल्ला हे तुमचं खरंच आहे, पण कायद्याचा भार कुणावर पडला हेही लिहीत चला.

बहात्तर. ओळ वाचली आणि थांबलो. त्या वर्षी दुष्काळ, नद्या-नाले सगळे कोरडे. खडी फोडायच्या कामावर गाव, रेशनवर लाल मिलो, पोरांना सुकडी. कुठंतरी एखाद्या डोहात हातभर पाणी उरलेलं, आणि पाच-पाच कोसांतली पाखरं त्यावर. मिनिटाला पन्नास होले उतरायचे. चोच बुडवून, मान वर न करता, गुरासारखं ओढून पितात ते. तिथं डोळे झाकून बार काढला तरी दहा पडतील. आमच्या मामांनी आणि त्यांच्या दोस्तांनी त्या पाण्यावर बसायचं नाही असं ठरवलं होतं, तुझ्या आजोबांनीही ठरवलेलं दिसतंय. सगळ्यांनी नाही हं. त्याच वर्षी पोतं भरून होले विकणारेही मला माहीत आहेत, आणि पोटात काही नसलेल्या माणसानं ते विकत घेतले असतील तर त्याला मी नाव ठेवणार नाही.

राहिलं १९८१. तू कायद्याचं विचारलंस. खरं सांगायचं तर आमच्या भागात होल्याची शिकार कायद्यानं बंद झाली नाही, पाण्यानं झाली. उजनीचं धरण १९८० ला पुरं झालं. भीमाकाठची रानं, खळी, बाभळी पाण्याखाली गेल्या. आधी दहा कोसांत एक डोह, म्हणून पाखराची वाट ठरलेली. आता जिकडं बघावं तिकडं फुगवटा, मग कालवे, मग विहिरी भरल्या. होल्याला कुठंही प्यायला मिळतंय म्हटल्यावर तो ठरलेल्या वाटेनं येईल कशाला? "पाणीच पाणी. बसायचं कुठं?" याचा अर्थ एवढाच आहे, त्यात काव्य शोधू नकोस. आणि मागोमाग ऊस आला. उसात होल्याला दाणा नाही. शाळूचं रान घटलं, थवे फुटले. पाखरं राहिली, अजून तारांवर बसलेली दिसतात, पण संध्याकाळचा तो लोंढा गेला.

त्यात काडतुसं महागली. दोस्तांतला एक पुण्याला गेला, एक वारला. मामांनी नंतर परवान्याचं नूतनीकरण केलं ते फक्त रानडुकरांचं कारण दाखवून.

मला त्यात मजा येत होती. आज कुणी परवाना दिला तरी जाणार नाही, पण तेव्हा रडत जात होतो असंही नाही.

वहीवाला

काका, काय लिहिलंत! रात्री वडिलांना मोठ्यानं वाचून दाखवलं. पेपर खाली ठेवला त्यांनी. म्हणाले, हलालचा माणूस आपल्याकडं शिंपी होता, आणि त्या सुरीनंच तो काज कापायचा अशी आई सगळ्यांना भीती घालायची, म्हणून आई त्याच्याकडं झंपर टाकत नसे. 'ज.' पारधीच. सणाला घरी जेवायला असायचा, पण ओसरीवर. आत नाही. हे वडिलांनी स्वतःहून सांगितलं आणि पुढं बराच वेळ काही बोलले नाहीत.

आमचं जुनं रान उजनीतच गेलं हे मला माहीत होतं. त्याचा आणि वहीचा संबंध लागला नव्हता.

लबकचा_पाव्हणा

मी मूळचा बार्शीचा, सध्या पश्चिम टेक्सासात. इथं होल्याची शिकार जिवंत आहे म्हणून लिहितो. आमच्या भागात १ सप्टेंबरला हंगाम उघडतो आणि त्या दिवशी ऑफिसात अर्ध्या खुर्च्या रिकाम्या असतात. साहेबही नसतो, त्यामुळं रजेचा अर्ज कुणी विचारत नाही.

माझ्या सहकाऱ्यानं एकदा नेलं. मी बंदूक धरली नाही, घडीची खुर्ची धरून बसलो. रान कसलं असावं? ज्वारीचं! इथं तिला 'मायलो' म्हणतात. काकांनी लिहिलेली रेशनची लाल मिलो इथलीच. काढणी झालेलं रान, पलीकडं गुरांचं तळं, मध्ये तारेचं कुंपण, आणि माणसं त्या वाटेवर दबा धरून. काकांचं दाणा-पाणी-वस्ती इथं तसंच्या तसं. फरक हिशेबात: माणशी दिवसाला पंधरा होले, बंदुकीत तीनच काडतुसं बसतील असा अडसर, सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तापर्यंत. वॉर्डन गाडी थांबवून पाखरं मोजतो.

गंमत पुढं आहे. आपला पठाणी होला इथं आहे! १९७० च्या दशकात बहामा बेटांवर कुणाच्या तरी पिंजऱ्यातून सुटला, तिथून फ्लोरिडात, आणि आता जवळपास अख्ख्या देशात. बाहेरचा म्हणून त्याला मर्यादा नाही, वर्षभर हवे तेवढे मारा. माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या म्हाताऱ्यानं एक पाडला, मानेवरची काळी रेघ दाखवून म्हणाला, "हा तुमच्याकडचा." काय बोलावं कळेना.

तो म्हातारा सहकाऱ्याचा बाप. त्याची तक्रार तुमच्या ओळखीची वाटेल. पूर्वी आज्यापासून नातवापर्यंत सगळे यायचे, आता रान भाड्यानं घ्यावं लागतं, आणि नातू आला तरी फोनमध्ये. नातू खरंच फोनमध्येच होता. छातीच्या मांसात हिरवी मिरची आणि चीज भरून, डुकराच्या पट्टीत गुंडाळून भाजतात. मी एक खाल्ला. छर्रा दाताखाली आला.

आणि याच १ सप्टेंबरला, १९१४ साली, सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात शेवटचं प्रवासी कबूतर मेलं. मार्था नाव होतं तिचं. एकेकाळी ज्यांच्या थव्यानं ऊन झाकायचं त्या जातीचं. म्हाताऱ्याला हे माहीत होतं. "म्हणून तर मोजतात," एवढंच म्हणाला आणि पुढचं काडतूस भरलं.

गुहागरची_लेक

सगळे पुरुष बंदुकीबद्दल लिहिताहेत, म्हणून लिहिते. पाखरं घरी आल्यावर काय व्हायचं? पिसं काढायला आम्ही बसायचो. पिसं सैल असतात हे काकांनी बरोबर लिहिलंय, पण सैल पिसं घरभर उडतात हे लिहिलं नाही. चार कवड्यांच्या (आमच्याकडं होल्याला कवडा म्हणतात) रश्शासाठी एक अख्खा नारळ, आठ कांदे, आणि माणसं अकरा. मांस काळपट, माणशी दोन घास. वाटणच खायचं खरं तर, पण ताटाभोवती गोष्टी अशा रंगायच्या की गवा मारून आणलाय.

आमच्या वडिलांकडं ठासणीची बंदूक होती, डुकरा-माकडांपासून राखणीसाठी. कवडा आणला की आजी चुलीपासून उठून जायची. तिची गोष्ट अशी: भावानं बहिणीला भात मोजून दिला, पोहे कांडायला सांगितलं. कांडल्यावर माप कमी भरलं. त्याला वाटलं हिनंच खाल्ले. रागाच्या भरात मुसळ घातलं, बहीण गेली. मग पुन्हा मोजले तर पोहे पुरे भरले. तेव्हापासून भाऊ कवडा होऊन दुपारभर रडतो, "उठ गं सीते, पोहे पुरे." मार्च-एप्रिलच्या दुपारी कवडा घुमायला लागला की मला अजून हेच ऐकू येतं. आजी म्हणायची, त्याला आधीच शिक्षा झालीय, तुम्ही आणखी कशाला मारता.

वडील हरियलही आणायचे, वडाला फळं धरली की. पानांत दिसत नाही तो. वडाखाली उताणं पडून राहायचं आणि फळ खाली पडलं की त्या जागेवर नजर लावायची. आता तो राज्यपक्षी. आजीनं त्याला नाही म्हटलं नाही कधी, त्याची गोष्ट नव्हती ना!

कलम_नऊ

पारध्यांबद्दल काकांचं म्हणणं मान्य. माझ्या वकिलीच्या सुरुवातीच्या प्रकरणांत आरोपीच्या पिंजऱ्यात कोण असायचं ते मला आठवतंय.

वहीवाला, तुमचे दोन प्रश्न राहिले. बंदूक: वडिलांचं वय सत्तरच्या पुढं असेल तर २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ते हयात असतानाच वारसाच्या नावानं परवान्यासाठी अर्ज करता येतो. पंचवीस वर्षं शस्त्र बाळगलं असेल तरीही. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात, आणि वारसांची ना-हरकत लागेल, म्हणजे आई, भाऊ-बहीण सगळ्यांच्या सह्या आत्ताच घ्या. ठेवायची नसेल तर पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं रीतसर जमा करा आणि पावती जपा. "मोडीत देऊ" वगैरे अजिबात नको. परवाना न करता घरात राहिली तर वडिलांनंतर तुम्ही अडकाल.

वही मात्र टाकू नका. तारीख, जागा, वेळ आणि जात लिहिलेल्या तेरा वर्षांच्या नोंदी पक्षी-अभ्यासकांकडंही सहज नसतात. त्या काळी करमाळ्यात पखुर्डी मार्चात पाण्यावर किती वाजता येत होती हे तुमच्या हातात आहे. ई-बर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर जुन्या तारखेच्या नोंदी टाकता येतात. मारलेली पाखरंही शेवटी पाहिलेलीच असतात.

माळकरी

टाक, टाक. फक्त जागा लिहिताना घोळ होईल. 'डोहावर' म्हणजे भीमेतला डोह, तो आता फुगवट्याच्या तळाशी आहे. नकाशावर नुसतं निळं दिसेल, आणि संगणक विचारेल की पखुर्डी पाण्यात काय करत होती. जुना तालुक्याचा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो का बघ, १९८० च्या आधीचा. डोहाचं नाव वडिलांना ठाऊक असणार. नऊ मार्चच्या नोंदीतलं खळं कुठल्या गटात होतं तेही त्यांनाच विचार, पेपर वाचत नसतील तेव्हा.